गुरुवारचा पोरगा आणि बदलीचा आदेश

पांढरीचा_पाहुणा
मंडळी, सल्ला पाहिजे, आणि जरा लवकर पाहिजे.

मी बँकेत आहे. वरुड तालुक्यातल्या एका गावच्या शाखेत दोन वर्षांपासून. गेल्या दिवाळीनंतर इथल्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी गावातल्या नऊ जणांना बोलावलं. पोस्टमन, मेडिकलवाले, ढोरांचे डॉक्टर, अंगणवाडीच्या ताई, दोन बागाईतदार, मी, असे. म्हणणं एवढंच होतं की प्रत्येकानं एक पोर धरायचं आणि आठवड्यातला एक तास त्याच्यासाठी काढायचा. शिकवणी नाही, पैसे नाहीत. बसायचं, बोलायचं, जास्त करून ऐकायचं. नवातले आता चौघं उरलो आहोत.

माझ्या वाट्याला नववीतला एक मुलगा आला. वडील तीन वर्षांपूर्वी गेले. आई संत्र्याच्या तोड्याला जाते. पहिले पाच गुरुवार तो 'हो', 'नाही' आणि 'माहीत नाही' एवढंच बोलला. साडेपाचला यायचा, सायकल लिंबाला टेकवायचा, मारुतीच्या पारावर हातभर अंतर ठेवून बसायचा आणि पाय खाली सोडून अंगठ्यानं माती कोरायचा. मला 'साहेब' म्हणायचा. सहाव्या गुरुवारी मी बाजारातून संत्री घेऊन गेलो. त्यानं एक उचललं, देठाची बाजू वर केली, अंगठा फिरवला आणि म्हणाला, "काका, हे ओढून तोडलेलं हाये. कातरीनं देठ ठेवून कापा लागते. इथं सालीले खड्डा पडला, पाहा. तीन दिसात सडते." मग तो पाऊण तास बोलत होता. आंबिया बहार, मृग बहार (संत्र्याचे वर्षातले दोन हंगाम), कोळशी आली की पानं कशी काजळी धरतात, आकार नुसत्या हातानं कसा ओळखायचा, कोणतं फळ कोणत्या कॅरेटात. त्या दिवसापासून मी काका.

फेब्रुवारीत मृगाचा तोडा सुरू झाला आणि तो तीन गुरुवार आला नाही. चौथ्या गुरुवारी मीच बगीच्यात गेलो. माय तोडत होती, हा निवडत होता. मी कॅरेटापाशी बसलो. मायनं चहा दिला. पुढच्या गुरुवारी हा पाच वाजताच पारावर हजर.

आता तो दहावीत जाईल. आणि परवा माझ्या हाती बदलीचा आदेश पडला. गोंदिया जिल्हा, १० जूनला हजर व्हायचं. पोरासोबत जेमतेम सात महिने झालेत. त्याला कधी सांगू? कसं सांगू? माझ्या जागी दुसऱ्या कोणाला आणून बसवू का? रात्री झोप लागत नाही, म्हणून इथं लिहितो आहे.

नागपुरी_ठसका
भाऊ, आजच सांगा. बँकेच्या साहेबाची बदली गावात पानठेल्यावर आधी पोचते. त्याला तुमच्या तोंडून कळलं पाहिजे.

मृगबहार
+१. आणि गावाचं नाव लिहिलं नाही ते फार चांगलं केलं. पोराच्या घरचं जितकं कमी लिहाल तितकं बरं.

सोळाशे_मीटर
राजेहो, मले फौजेतून येऊन अकरा वर्षं झाले. वाशिम जिल्ह्यात कास्तकारी करतो आन् सकाळी पाच वाजता पोलीस भरतीवाले पोट्टे पळवतो. पोरायले १६०० मीटर, पोरींले ८००, मंग १०० मीटर आन् गोळा. पोरायचा गोळा ७.२६० किलोचा, पोरींचा ४ किलोचा. मैदानाचे ५० मार्क, लेखीचे १००. पोट्टे मैदानासाठी जीव काढतात आन् लेखीले झोपतात, हे मले रोज सांगा लागते.

माह्या हातून झालेली चूक सांगतो. एक पोट्टा पळायले वाघ, पन जोड्याच्या टाचा फाटलेल्या. म्या त्याले नवा जोडा घेऊन देल्ला, सगळ्यायच्या समोर. तेच चुकलं. चार दिवस आला, पाचव्या दिवशी बंद. कोनीतरी त्याच्या बापाले म्हनलं होतं, "तुह्यानं पोराले जोडा नाही घेनं होत काय?" पंधरा दिवसांनं म्या त्याच्या घरी गेलो. बाप फल्ली सोलत होता, मीबी सोलत बसलो. तासभर पान्याच्या, पेरनीच्या गोष्टी केल्या. जोड्याचं नावच काढलं नाही. उठतानी बाप म्हने, "येईल उद्या." आला. जुनेच जोडे घालून.

म्हनून सांगतो भाऊ, जातानी काही द्यायचं मनात असंल तर घरी जाऊन मायच्या हाती द्या. पारावर नोको.

आकडेमोड
मूळचा अमरावतीचा, सध्या हैदराबादला. या विषयाचं मी बरंच वाचलं आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

एक मोठं माणूस, एक मूल ही पद्धत अमेरिकेत शंभर वर्षांपेक्षा जुनी आहे. १९०४ साली न्यूयॉर्कच्या बालन्यायालयात अर्नेस्ट कूल्टर नावाचा कारकून होता. रोज तीच ती पोरं समोर येताना पाहून त्यानं ओळखीच्या पुरुषांना गळ घातली की प्रत्येकानं एका पोराचा मोठा भाऊ व्हावं. पुढे त्यातून 'बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स' ही संस्था उभी राहिली. १९९५ मध्ये तिच्या कामाची नीट तपासणी झाली. १० ते १६ वयाची ९५९ मुलं घेतली, अर्ध्यांना लगेच सोबती दिला, अर्ध्यांना प्रतीक्षायादीत ठेवलं आणि १८ महिन्यांनी दोन्ही गटांची तुलना केली. सोबती मिळालेल्यांमध्ये अमली पदार्थांच्या नशेला नव्यानं सुरुवात करण्याचं प्रमाण ४६ टक्क्यांनी कमी निघालं, शाळेला दांडी मारलेले दिवस ५२ टक्क्यांनी कमी.

तुमच्या प्रश्नाशी जुळणारी गोष्ट मात्र पुढची आहे. २००२ साली जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांनी त्याच मुलांची माहिती पुन्हा उघडली आणि नातं किती टिकलं त्यानुसार वेगळी करून पाहिली. वर्षभर किंवा जास्त टिकलं, तिथं फायदा सगळ्यात जास्त. आणि तीन महिन्यांच्या आत तुटलं, तिथं मुलांचं स्वतःबद्दलचं मत आधीपेक्षा खाली गेलं. म्हणजे अर्ध्यावर सोडणं हे काहीच न करण्यापेक्षा वाईट ठरू शकतं.

तुमचे सात महिने झालेत. मी तुमच्या जागी असतो तर कसंही करून हे वर्षाच्या पार नेलं असतं. फोननं, पत्रानं, दोन महिन्यांतून एकदा येऊन.

बंडीवाला
रागावू नका, पण मला हे सगळं बाहेरचं वाटतं. न्यूयॉर्कच्या पोराला शेजारचा माणूस ओळखत नसेल. आमच्या गावात पोरगं विडी ओढताना दिसलं तर बातमी त्याच्याआधी घरी पोचते. काका आहे, मामा आहे, आजा आहे. नेमून दिलेला माणूस कशाला पाहिजे? तुम्ही जाल, तिथं जवळचं कोणी नाही असं थोडंच आहे?

ओसरीवरून
बंडीवाला दादा, ओळखणं आणि ऐकणं यात फरक आहे. बाप गेला की काका येतो ते बरेचदा सातबारा घेऊन येतो. सगळे काका तसे नसतात, माझ्या स्वतःच्या काकांनी मला शिकवलं. पण पोरानं मनातलं बोलायचं तर समोरच्याचं त्याच्या वावरात, घरात, लग्नात काही अडकलेलं नसावं लागतं. आजाजवळ बोललेलं मायजवळ जातं, मायजवळचं मामाजवळ. बँकेचा माणूस गावचा नाही म्हणूनच त्या पोरानं तोंड उघडलं असेल.

बंडीवाला
सातबाऱ्याचं खरं आहे. आमच्याच भावकीत झालं आहे. तेवढं मान्य.

वर्धेकर
पोरगं सहाव्या आठवड्यात बोललं, ते हातात संत्रं आल्यावर. याच्याकडे लक्ष द्या. आमच्या वर्ध्यात १९३७ च्या ऑक्टोबरात शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमचा विचार पुढे आला, त्याचा गाभाच हा होता की पोराचं शिक्षण त्याच्या हाताच्या कामातून सुरू व्हावं. मी पुस्तकी अर्थानं म्हणत नाही. मी स्वतः दोन मुलांसोबत बसतो. समोरासमोर बसलं की ती गप्प, आणि सायकलची चेन बसवायला घेतली की घरातलं सगळं बाहेर. डोळे चेनवर असतात म्हणून बोलता येतं. सांगायचं ते काम करता करता सांगा.

मोहफूल
मी मेळघाटात, धारणीकडे आहे. आशा म्हणून काम करते. इथं लिहायला संकोच वाटतो, कारण माझी भाषा तुमच्यासारखी नाही, पण सांगते.

माझी एक मुलगी आहे, म्हणजे या धाग्यातल्या अर्थानं माझी. आश्रमशाळेत शिकते, सुटीत गावी येते. घरी कोरकू बोलतात. शाळेत मराठीत विचारलं की मान खाली. मार्चमध्ये ती पहाटे मोहफुलं वेचायला जायची, मी पण टोपली घेऊन जायला लागले. फुलं पहाटे गळतात, ऊन चढायच्या आत वेचावी लागतात. दोघी वाकून वेचत असायचो. अशा एका पहाटे ती म्हणाली, "ताई, कोणाला सांगू नको." मी म्हणाले, "नाही सांगत." आणि मग तिनं सांगितलं की तिचं लग्न ठरवत आहेत. ती सोळा पूर्ण नव्हती.

तो 'नाही सांगत' माझ्या गळ्यात अडकला. दोन दिवस मी जेवले नाही. शेवटी तिच्याचकडे गेले आणि म्हणाले, "मी तुला चुकीचं वचन दिलं. हे मला एकटीला सांभाळता येणार नाही. ग्रामसेवकाला सांगावं लागेल, पण तू हो म्हण, आपण दोघी मिळून जाऊ." ती रडली, रागावली, एक दिवस बोलली नाही. मग आली. गावात बालविवाह थांबवायची जबाबदारी ग्रामसेवकाची असते, अंगणवाडीच्या ताई त्याला मदत करतात. १०९८ हा मुलांचा मदतीचा नंबर पण आहे. आम्ही आधी तिच्या मायशी बोललो, नंतर बापाशी, तीन संध्याकाळी. लग्न थांबलं. ती शाळेत गेली.

तेव्हापासून मी कोणत्याच पोराला आधीच 'कोणाला सांगणार नाही' म्हणत नाही. म्हणते, "तुझ्या जिवाला धोका असेल तर मला सांगावं लागेल. बाकी सगळं माझ्याजवळ राहील."

पाहुणेभाऊंचा प्रश्न वेगळा आहे, पण मला वाटतं त्यांनी पण खोटं वचन देऊ नये. 'मी दर महिन्याला येईन' असं भरात म्हणाल आणि येणं होणार नाही.

नागपुरी_ठसका
ताई, तुमची भाषा आम्हा सगळ्यांपेक्षा सरळ आहे. लिहीत राहा.

तुरीचा_धुरा
मी यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं होतो, आता निवृत्त. मोहफूल ताईंच्या शेवटच्या ओळीवर माझी सही. आमच्या गावात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनंतर शहरातून बरीच मंडळी यायची. चांगलीच माणसं, मनापासून आलेली. पोरांना जवळ घ्यायची, दप्तर द्यायची, फोटो काढायची आणि म्हणायची, "परत येऊ हं." चौथीतली एक पोर शाळेच्या फाटकापाशी उभी राहायची, गाडीचा आवाज आला की. तिला मी कितीदा वर्गात आणून बसवलं. दप्तर फाटून गेलं तरी ती 'ते काका कधी येणार' विचारायची. मी वर्षभर उत्तर दिलं. शेवटी तिनंच विचारणं बंद केलं, आणि तो दिवस मला सगळ्यात जड गेला.

तेव्हा जेवढं होणार तेवढंच बोला. महिन्यातून एक फोन म्हणजे एकच फोन, पण चुकता कामा नये.

आणखी एक. एकटं पोर आणि एकटं मोठं माणूस बसणार, तर जागा उघडी असावी. पार, ओसरी, वाचनालयाचं दार उघडं ठेवून. घरच्यांना ठाऊक, शाळेला ठाऊक. हे अविश्वासापायी नाही सांगत. पोराला त्रास द्यायला येणारा माणूसही सुरुवातीला गोडच बोलतो. सगळ्यांना सारखा नियम असला की पोरंही सुरक्षित आणि भल्या माणसावर बोटही येत नाही. पाहुण्यांनी पार निवडला, ते बरोबर केलं.

कोतवालबुक
मी सेतू केंद्रात काम करतो. भावनेचं तुम्ही सगळ्यांनी सांगितलं, मी कागदाचं सांगतो, कारण दहावीच्या वर्षात पोरगं कागदापायी अडतं.

पाहुणेभाऊ, १० जूनच्या आत एवढं करून जा. मुलाचे वडील नाहीत, म्हणजे बालसंगोपन योजनेचा अर्ज केला आहे का विचारा. महिन्याला २२५० रुपये मिळतात, १८ वर्षांपर्यंत. जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयाचं काम आहे ते. बऱ्याच माउल्यांना हे माहीतच नसतं.

दुसरं, जातीचा दाखला. मुलगा ओबीसी असेल तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१. म्हणजे आजाच्या किंवा पणज्याच्या शाळेची दाखल-खारीज नोंद, नाही तर कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्ममृत्यू नोंदवहीची, नक्कल. आजा शाळेतच गेला नसेल तर बरेचदा कोतवाल बुकाचाच आधार असतो, आणि ते तहसीलच्या रेकॉर्डात शोधावं लागतं. मायनं मजुरी बुडवून तीन चकरा मारायच्या आणि दरवेळी 'उद्या या' ऐकायचं, तिथं सोबत एक माणूस असला की काम एका चकरेत होतं. अकरावी विज्ञानाला गेला तर जात पडताळणीचा अर्ज तेव्हाच टाकायचा, बारावीच्या निकालाची वाट पाहायची नाही. आणि २०२५ पासून अकरावीचे प्रवेश अख्ख्या राज्यात ऑनलाइन झालेत, गावातल्या कॉलेजात नुसतं जाऊन नाव टाकता येत नाही.

बसून बोलणं मोठं आहेच. पण पोरासाठी तहसीलच्या बाकावर बसणंही त्याच पोराजवळ बसणं आहे.

मृगबहार
कोतवालबुक, हा प्रतिसाद मी आमच्या गावच्या ग्रुपवर टाकते आहे. परवानगी धरून चालते.

कोतवालबुक
टाका, ताई. तारखा मात्र आहेत तशा ठेवा.

सोळाशे_मीटर
आमच्या भरतीच्या पोट्ट्यायचंबी हेच. मैदान मारते, लेखी मारते, आन् कागदापाशी अडते. उद्या सकाळी सगळ्यायले वाचून दाखवतो.

झाडीपट्टी_२३
मी पहिल्यांदाच लिहिते आहे. इतके दिवस नुसती वाचत होते. मी त्या दुसऱ्या बाजूची आहे, म्हणजे पाहुण्यांच्या पोराच्या बाजूची.

भंडारा जिल्ह्यातलं आमचं गाव, धानाचं. मी नववीत असताना आमच्या आरोग्य केंद्रात बाँडवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या ठरावीक मुदतीच्या सरकारी सेवेवर, एक डॉक्टर मॅडम आल्या होत्या. मी आईला इंजेक्शन द्यायला घेऊन गेले आणि त्यांनी विचारलं, "तुला काय व्हायचं आहे?" मला कोणी कधी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "माहीत नाही." त्या म्हणाल्या, "मग शनिवारी ये, शोधू." मी दर शनिवारी जायचे. क्वार्टरच्या पायरीवर बसायचो. त्यांनी मला रक्तदाब मोजायला शिकवलं, माझ्याच हातावर. त्यांच्याशी मी आईच्या आजाराबद्दल बोलले, घरी कधीच बोलले नव्हते.

एका शनिवारी गेले तर क्वार्टरला कुलूप. वाटलं, नागपूरला गेल्या असतील. पुढच्या शनिवारीही कुलूप. तिसऱ्या शनिवारी शिपाई म्हणाला, "मॅडमचा बाँड संपला, गेल्या ना त्या." मी घरी येताना एकच विचार करत होते, की मी असं काय बोलले? मागच्या वेळी मी घरच्या भांडणाचं सांगितलं होतं. वाटलं, ते ऐकून त्यांना किळस आली असेल. हे मी दोन वर्षं मनात धरून होते. आता मोठी झाल्यावर कळतं की त्यांना सांगणं जमलं नसेल, डोळ्यांत पाणी आलं असतं म्हणून टाळलं असेल. पण तेव्हा मी चौदाची होते.

मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा कोर्स, करते आहे, नागपूरला. रक्तदाब मोजताना अजून त्यांचा आवाज कानात येतो. त्यांनी मला दिलं ते कोणी दिलं नाही. म्हणूनच कुलूप एवढं लागलं.

पाहुणेकाका, त्याला सांगा की तुम्ही त्याच्यामुळे जात नाही आहात. हे वाक्य तोंडानं म्हणा, त्याला समजलं असेल असं धरू नका. किती गुरुवार उरलेत ते मोजून सांगा. आणि तो रागावला तर रागावू द्या.

पांढरीचा_पाहुणा
झाडीपट्टी_२३, तुमचं लिहिलेलं मी तीनदा वाचलं. उद्या गुरुवार आहे. उद्याच सांगतो.

ओसरीवरून
तोवर दुसऱ्या माणसाचं बोलून घेऊ. 'माझ्या जागी दुसऱ्याला बसवू का' असं विचारलंत. भाऊ, पोरगं म्हणजे सातबाऱ्यावरचा फेरफार नाही, एका नावाला कंस करून दुसरं चढवायला. गावात त्याला कोण बरं वाटतं हे त्यालाच विचारा.

आकडेमोड
सहमत. फक्त त्याला निवडायला लावून हात झटकू नका. तो ज्याचं नाव घेईल त्याच्याशी तुम्ही बोला, आणि निदान एक गुरुवार तिघं मिळून बसा.

पांढरीचा_पाहुणा
सांगितलं.

वर्धेकरांचं ऐकून सायकल उलटी केली आणि चेनला तेल द्यायला घेतलं. त्याच्या हाती पेडल, माझ्या हाती तेलाची बाटली. म्हणालो, "माझी बदली झाली. गोंदियाकडे. तुझ्यामुळे नाही, बँकेत सगळ्यांचीच होते. अजून तीन गुरुवार आहेत." पेडल थांबलं नाही. तो फिरवतच राहिला. नंतर सायकल सरळ केली, पारावर बसला आणि अंगठ्यानं माती कोरायला लागला. पहिल्या दिवशीसारखा. बऱ्याच वेळानं म्हणाला, "तिकडं संत्री होते काय?" मी म्हणालो, "नाही, तिकडं धान." तर म्हणतो, "मंग तुमाले कोन सांगल?"

मला काही बोलता आलं नाही. तो सायकल घेऊन गेला.

तुरीचा_धुरा
पुढच्या गुरुवारी तो कदाचित येणार नाही. तुम्ही मात्र पारावर बसा.

पांढरीचा_पाहुणा
गुरुजी, तुम्ही म्हणालात तसंच झालं. आला नाही. मी साडेसहापर्यंत बसलो, मग बगीच्याकडे गेलो. तो धुऱ्यावर होता. झाडं सुकल्यासारखी, पानं मलूल. मी विचारलं, पाणी नाही का? तर माझ्याकडे न पाहता म्हणाला, "ताण देल्ला हाये. मृगासाठी पानी तोडा लागते. पानी आलं का फुलते." मग दोन्ही हातांनी एक पान उलटंसुलटं करून दाखवलं, किती सुकलं म्हणजे पुरे आणि किती म्हणजे झाड गेलं. अर्धा तास दाखवत होता. अंधार पडल्यावर म्हणाला, "पोस्टमन काका चालतील. ते रोज येतेच."

पोस्टमनचं आधी एक पोर होतं, ते शिकायला अमरावतीला गेलं. विचारलं तर हो म्हणाले. शेवटच्या गुरुवारी आम्ही तिघं पारावर बसलो. कोतवाल बुकाची नक्कल मिळाली आहे, मायसोबत दोन चकरा झाल्या. बालसंगोपनचा अर्जही गेला. सोळाशे_मीटर भाऊ, एक कातर घेतली होती, चांगल्या पोलादाची, फळ तोडायची. मायच्या हाती दिली.

सोळाशे_मीटर
लय चांगलं केलं भाऊ. डोये भरून आले.

बंडीवाला
मी वर जे लिहिलं होतं त्याला धरून सांगतो. आमच्या गावात माझ्या भावकीतल्याच एका पोराजवळ मी बसणं सुरू केलं आहे, रविवारी. वावराचा विषय काढायचा नाही असं मी स्वतःला बजावलं आहे. दोन रविवार झाले, अजून 'हो' आणि 'नाही' चालू आहे.

ओसरीवरून
पाच आठवडे धरून चाला, दादा.

पांढरीचा_पाहुणा
धागा वर काढतो आहे. जुलै लागला. इथं सगळीकडे पाणीच पाणी.

आईच्या मोबाइलवर दर गुरुवारी साडेसातला फोन असं ठरलं होतं. चार झाले, एकही चुकला नाही. पहिला चार मिनिटांचा. शाळा जूनअखेर उघडली, आपल्या विदर्भात उन्हामुळे उशिराच उघडते, त्यामुळे तोवर सांगण्यासारखं काही नाही म्हणाला. पोस्टमन काका रोज शाळेच्या वाटेवर घंटी वाजवतात एवढं सांगितलं. बगीचा फुलला आहे. वास येतो काय, असं त्यानं फोन धरून विचारलं.

कालच्या फोनवर त्यानं मलाच प्रश्न केले. धान कसं लावतात, पऱ्हे म्हणजे काय, रोवणीला किती माणसं लागतात. मला यातलं काहीच सांगता आलं नाही. म्हणून आज सुटी काढून एका शेतकऱ्याच्या बांधीवर गेलो, गुडघाभर चिखलात उभा राहून रोवणी पाहिली. बायका ओळीनं मागे मागे सरत रोवतात, ते व्हिडिओ काढून ठेवलं आहे. पण त्याचा एक प्रश्न राहिलाच, आणि बांधीवर गडबडीत विचारायचं विसरलो. झाडीपट्टी_२३, तुम्ही सांगाल का? पऱ्हे (धानाची रोपं) किती दिवसांचे झाले की उपटून रोवतात?

झाडीपट्टी_२३
काका, आमच्याकडे एकवीस ते पंचवीस दिवसांचे झाले की. जास्त झाले तर फुटवे कमी येतात. आणि उपटताना मुठीत धरून हळू ओढायचे, मूळ तुटलं नाही पाहिजे. गुरुवारच्या आत आणखी काही लागलं तर विचारा, मी शनिवारी गावीच चालले आहे, बाबांना रोवणीला मदत करायला. जवळून फोटो काढून पाठवते, त्याला दाखवा.